मायच्या जोड्यातला फायबरचा पत्रा

दादा गेल्यावर भेटायला येणारी माणसे त्याच्या टाक्यांबद्दल बोलत. कुठल्या शाळेवरची पाण्याची टाकी त्याने केली, कुठल्या कारखान्याचे छप्पर केले, काचेच्या धाग्याचे, म्हणजे फायबरचे, काम या भागात पहिल्यांदा त्यानेच कसे आणले. मी पाण्याचे पेले पुढे करत ऐकत असे. सगळे खरे होते. पण त्याने केलेल्या वस्तूंतली मला सगळ्यात मोठी वाटते ती तळहाताएवढी रुंद आणि जेमतेम वीतभर लांब होती, आणि ती कुणी पाहिलीच नाही. ती एका जोड्याच्या तळात शिवलेली होती. तिच्याबद्दल लिहायला बसले आहे. दिवसाला पानभरही होत नाही, पण मला कुठे जायचे नाही.

आम्ही डोणगावचे, भाजी पिकवणारे. गावापासून मैलभरावर, ओढ्यापलीकडे आमचा मळा आणि मळ्यातच सपाट मातीच्या छपराचे, धाब्याचे घर. मेथी, वांगी, कांदे आणि सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात. पिकवायचे काम बाबांचे आणि चुलत्यांचे, विकायचे मायचे. बाजाराच्या दिवशी ती भरलेली पाटी डोक्यावर घेऊन ओढा उतरायची, पलीकडची चढण चढायची आणि गावात जाऊन आपल्या ठरलेल्या जागेवर बसायची. त्या जागेवर तिच्या आधी तिची सासू बसत असे. बैलजोडी सावडीतली होती, एक बैल आमचा आणि एक शेजाऱ्यांचा, आणि बाजाराच्या दिवशी जोडी त्यांच्याकडे असे. म्हणून पाटी डोक्यावरूनच जायची. तिला त्यात कष्ट वाटत नसत. रिकामी पाटी काखेत मारून परतताना ती गुणगुणत येई.

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षे होत आली असतील. मोटेच्या विहिरींवर तेलाची इंजिने यायला लागली होती. बाबांनीही एक आणले. गाडी विहिरीजवळ लागली तेव्हा माय हळदीकुंकवाचे ताट घेऊन उभी होती, कारण यंत्र जमिनीवर टेकताच त्याची पूजा करायची असते. उतरवताना दोर घसरला आणि इंजिनाचे जड चाक तिच्या उजव्या पायावर आले. अकोल्याच्या दवाखान्यात पाचही बोटे आणि चवड्याचा थोडा भाग काढावा लागला. बाबांनी नंतर कित्येक महिने ते इंजिन चालू केले नाही. पिकाला मोटेनेच पाणी दिले.

जखम भरली. माय घरात टाचेवर चालू लागली, चूल बघू लागली. पण पाटी डोक्यावर घेतली की तिसऱ्या पावलाला ती पुढे कलायची. पाऊल टाकायला टाच पुरते, उचलायला चवडा लागतो, हे आम्हाला तेव्हा कळले. होळीच्या आधी तिने एकदा हट्टाने वांग्यांची पाटी उचलली आणि अंगणातच पडली. वांगी आम्ही गोळा केली. माझी चुलती, म्हणजे काकू, तिच्या जागेवर बाजारात बसत होती आणि मनापासून म्हणत होती, की बाई, तुम्ही आता आराम करा. बाबा म्हणाले, शेजाऱ्यांना सांगून जोडीचा दिवस बदलून घेऊ, गाडीत बसून जात जा. त्यावर ती जे बोलली ते माझ्या कानात अजून आहे.

"मी पाटी नेनारी बाई हाय," ती म्हणाली. "मलेच पाटीवानी उचलून नेऊन ठेवलं, तं मंग मी कायची?"

गावातल्या जोडे शिवणाऱ्या काकांनी पुष्कळ खटपट केली. पुढे कापूस भरलेला जोडा केला, तळाला दुहेरी चामडे घातले. चार दिवसांत ते चामडे बोटांच्या जागी मुडपले. लाकडाची फळी घातली, ती जड झाली आणि मधोमध तडकली. तेलाच्या डब्याचा पत्रा घातला, तो एकदा वाकला तो वाकलाच. काका म्हणाले, "वाकून परत सरळ होईन असं काही पाह्यजे, बाई. तसं माह्या दुकानात नाही."

चैत्रात दादा सुटीवर आला. तो औरंगाबादला एका लहान कारखान्यात कामाला होता. काचेच्या धाग्याचे कापड साच्यावर अंथरायचे, त्यात राळेसारखे चिकट रसायन मुरवायचे आणि ते कडक होऊ द्यायचे, असे ते काम. स्कूटरचे भाग आणि टाक्या होत. मीही तेव्हा बुलडाण्याहून सुटीला आले होते, शिक्षिका व्हायचे शिक्षण घेत होते. मायचा पाय त्याने पाहिला, काकांचे तिन्ही जोडे पाहिले, आणि दुसऱ्याच दिवशी परत गेला. बाबांना राग आला. पण तीन दिवसांनी तो आला तेव्हा त्याच्याकडे रसायनाचा गुलाबीसर डबा होता, ते घट्ट करणाऱ्या थेंबांची एक छोटी बाटली होती आणि कापडाची वळकटी होती. मालकाकडून उरलेसुरले मागून आणले होते. त्यात तीनच पत्रे होतील, असे त्याने हिशेब करून सांगितले. चौथा होणार नव्हता. पुन्हा मागायला तोंड नव्हते.

त्याने कारखान्यात कधी सपाट वस्तू केलीच नव्हती. तिथे सगळे गोल, वाकडे, खोलगट. मला वाटायचे, सपाट म्हणजे सगळ्यात सोपे. तो म्हणाला, "वाकडं काम वाकडं झालं तं कोनाले समजते? सपाट हे सपाटच पाह्यजे."

सपाट काही अंथरायला हवे म्हणून देवाच्या मोठ्या तसबिरीची काच काढली. मायनेच दिली. मधल्या खोलीत दादाने वाटीत रसायन ओतले आणि मला सांगितले, काचेला पत्रा चिकटणार नाही असे काहीतरी लाव. वड्या थापायच्या आधी ताटाला लावतात तसा मी काचेला तेलाचा हात लावला. नीट लावला, कोपऱ्यांपर्यंत. त्याने बाटलीतले थेंब टाकून ढवळले, आम्ही एकेक कापड अंथरले, कुंचल्याने ठोकून ठोकून त्यातली हवा काढली. लसूण घासलेटात जळावा तसा वास घरभर झाला. शेजारच्या आजी ओसरीपर्यंत येऊन पाहून गेल्या.

संध्याकाळी पत्रा काढायला गेलो तर खालची बाजू चिकट. तेल रसायनात उतरले होते. वरून कडक, खालून काकवी, आणि मधून मधून डोळ्यांएवढी भोके. दादाने काच खरवडून स्वच्छ केली आणि म्हणाला की चूक त्याचीच, कारखान्यात मेण लावतात हे त्याने सांगायला हवे होते. मेण कुठून आणायचे, तर माय उठली आणि फळीवरून एक पिवळा गोळा घेऊन आली. सोनाळ्याची आत्या दर वर्षी मधाबरोबर ते पाठवी. टाचांच्या भेगांत भरायला ते घरात असायचेच.

दुसरा पत्रा आम्ही मेण लावून केला आणि तो काचेवर छान बसला. त्यानंतर आम्ही जे केले ते आमच्याच गावात होऊ शकते. चैत्र-वैशाखात आमच्याकडे जे जे ओले असते ते धाब्यावर जाते. पापड, कुरडया, मिरच्या, सांडगे, सगळे. उन्हाने कडक झाले नाही असे काही आम्ही पाहिले नव्हते. मी म्हटले, वर नेऊन ठेवू, लवकर होईल. दादाही त्याच घरात वाढलेला. त्याने मान डोलावली. दोघांनी काच तोलत शिडीवरून नेली आणि कुरडयांच्या शेजारी, कडक उन्हात ठेवली. कावळ्यांसाठी वर काळे फडकेसुद्धा बांधले.

दुपारी खाली आणला तो पत्रा काचेवरून आपणहून सुटला होता. चारही कडा वर उचललेल्या, मध्ये खोलगट. जमिनीवर ठेवला तर डुलत होता.

बाबांनी तो हातात घेऊन इकडून तिकडून पाहिला. ते कित्येक दिवसांत घरात काही गमतीचे बोलले नव्हते. "पापड झाला," ते म्हणाले, "आता तळाचा राह्यला फक्त."

दादा हसला नाही. तरीही तो त्यातून पायाच्या मापाचा तुकडा कापून काकांकडे गेला. मीही बरोबर होते. काकांनी तुकडा गुडघ्यावर ठेवून दाबला. तो वाकला आणि सोडल्यावर परत आला. काकांचे डोळे चमकले. मग त्यांनी तो फरशीवर ठेवला, त्याला एका बोटाने टिचकी मारली आणि तो पाळण्यासारखा हलताना बघत राहिले. "माल बराबर हाय, बाबू. पन वाकडा पत्रा जोड्यात घातला तं तुही माय जोड्यात नाही, होडीत बसीन." दादाने तो तुकडा घेतला. डब्यात एका पत्र्यापुरते रसायन उरले होते.

त्या संध्याकाळी दादा अंगणात बसून उन्हालाच दोष देत होता. ऊन नसते तर पत्रा सरळ झाला असता, म्हणाला. माय धान्य निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवले, वाकडा पत्रा मागून घेतला आणि दोन्ही बाजूंनी बोट फिरवले. तिने विचारले की एका अंगाला विणलेले लागते आणि दुसऱ्या अंगाला तुसासारखे लागते, ते काय. दादाने सांगितले की कापड दोन जातींचे आहे. एक विणलेले, ते पक्के. दुसरे नुसते धागे विस्कटून दाबलेले, ते जाडी भरायला. त्याने खाली विणलेले घातले होते आणि वर विस्कटलेले.

"असं काऊन केलं?" मायने विचारले.

"तसंच करतात तिकडे. दिसते ते एक अंग चांगलं पाह्यजे."

माय म्हणाली, "वाकळीले एका अंगानं नवं लुगडं अन् दुसऱ्या अंगानं जुनं लावलं, तं पह्यल्याच धुन्यात ते गोळा होते. नवं आटते, जुनं आटत नाही. दोही अंगाले सारखं लावा लागते, अन् चिंध्या मधात."

"हे केमिकल हाय, माय. वाकळ नाही."

"धागा हाय का नाही त्याच्यात?"

"हाय."

"मंग धाग्याचं मले सांगू नको."

दादा उठला, वळकटी आणली आणि कंदिलाजवळ मांडून तुकडे मोजू लागला. विणलेले, विस्कटलेले, विस्कटलेले, विणलेले. तो स्वतःशीच दोनदा म्हणाला, दोही अंगाले सारखं. पुढे मी कुठल्याशा पुस्तकात वाचले की अशा थरांच्या पत्र्याचा मध्यापासून दोन्हीकडे तोल सारखा असावा लागतो. मी ते पान त्याला दाखवले तेव्हा तो म्हणाला, हे तर मायने सांगितले होते.

तिसरा पत्रा दुसऱ्या दिवशी पहाटे केला, ऊन चढायच्या आत. मधल्या खोलीच्या खिडकीला ओले पोते लावले. दादाने थेंब नेहमीपेक्षा कमी टाकले. किती, ते मला आठवत नाही, आणि आता विचारायला तो नाही. काचेला मेण चोळायला मायच बसली. चोळून चोळून तिने काच अशी केली की तिच्यात आढे दिसू लागले. मी कापड धरायची, तो कुंचला चालवायचा. सगळे थर बसले तेव्हा माझ्या नकाशांच्या जाड कागदाला मेण लावून तो वर ठेवला, त्यावर बसायचा पाट पालथा घातला आणि पाटावर जात्याची वरची तळी. कुणी हात लावायचा नाही, असे ठरले. धाब्यावर न्यायचे कुणी नावसुद्धा काढले नाही.

दोन दिवस जाते बंद राहिले. काकूने शेजारून पीठ आणले. माय त्या खोलीच्या उंबऱ्यात बसून भाजी निवडायची, आणि आत डोकावणाऱ्याला नुसत्या नजरेने परत पाठवायची. मी एकदा दादाला विचारले, झाला असेल का. तो म्हणाला, माहीत नाही. त्याच्या बोटांना खाजकुयरी लागल्यासारखी खाज सुटली होती आणि तो ती धोतराच्या सोग्याने सारखी पुसत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तळी उचलली, पाट उचलला, कागद सोलला. दादाने काचेच्या कडेला सुरीचे टोक घातले. कट्ट असा आवाज झाला आणि पत्रा सुटला. त्याने तो ओसरीच्या शहाबादी फरशीवर ठेवला. आम्ही चौघे उकिडवे बसून बघत होतो. बाबांनी एका कोपऱ्यावर बोट दाबले. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, मग चौथ्या. पत्रा हलला नाही. त्यांनी खाली कागद सरकवायचा प्रयत्न केला, तो जाईना. मग ते उठून विहिरीकडे गेले. थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज आला, ठक ठक ठक, आणि दांडात पाणी धावले.

मायने पत्रा दोन विटांवर ठेवायला लावला आणि माझ्या खांद्याला धरून त्यावर उजवा पाय दिला. तो तिच्या वजनाखाली थोडा दबला आणि तिने पाय उचलताच परत वर आला. तिने पुन्हा पाय दिला, पुन्हा उचलला. सहा-सात वेळा. "हे ढकलते मले," ती म्हणाली.

करवतीने कापून, पाण्याखाली कडा घासून दादाने तो काकांना दिला. काकांनी फरशीवर ठेवला, टिचकी मारली, तो हलला नाही. त्यांनी दोन चामड्यांच्या मध्ये तो घातला, कडेने शिवले, पुढच्या पोकळीत सरकी काढलेला कापूस ठासला. मजुरी घेतली नाही. म्हणाले, बाजारातून एक सांबाराची जुडी आणून द्या, पण ती बाईनेच आणून द्यायची.

आठ दिवस माय अंगणात चालली. आधी रिकामी पाटी, मग अर्धी, मग कांद्यांनी भरलेली. पहिल्या दिवशी उजव्या जोड्याच्या उंचीमुळे तिचा डावा पाय खाली पडत होता, म्हणून काकांनी डाव्या वहाणेला एक थर वाढवून दिला. चौथ्या दिवसानंतर ती पायाकडे बघेनाशी झाली.

बाजाराच्या दिवशी बाबांनी आणि काकूने मिळून पाटी तिच्या डोक्यावर ठेवली, आणि काकू झपाझप पुढे निघून गेली. दादा आणि मी मागे. ओढा कोरडा होता, गोल दगडांचा. ती एकेक दगड निवडत गेली. खरी परीक्षा पलीकडच्या चढणीची होती. चढताना टाच कामाला येत नाही, सगळे चवड्यावर असते. दादाने दोन्ही हात पुढे केले होते, पडली तर धरायला. माय थांबली, पाटी एका हाताने सावरली आणि उजवे पाऊल टाकले. जोडा वाकला आणि सरळ झाला. मग दुसरे, मग पुन्हा उजवे. ती वर पोचली तेव्हा दादाचे हात अजून तसेच पुढे होते.

बाजारात काकूने आधीच जागा झाडून ठेवली होती. शेजारी मिरच्या विकणारी मावशी बसायची, जिभेने तिच्या मिरच्यांइतकीच तिखट. तिने मायच्या पायाकडे पाहिले. "काय वो बाई, एका पायानं साहेब झाल्या का?"

"हो," माय बसत म्हणाली. "आज सांबार साहेबाच्या भावानं हाय. तुले परवडनार नाही."

मावशी इतकी हसली की तिच्या तराजूचा काटा हलला. मग तिने पदराने डोळे पुसले आणि एक मूठ मिरच्या मायच्या पुढ्यात टाकल्या. दुपारपर्यंत पाटी रिकामी झाली. काकांची जुडी मायने आधीच बाजूला काढली होती, ती तिने स्वतः नेऊन दिली. आम्हाला वाटले, आता घरी.

माय कुंभाराच्या ओळीत गेली. बोटांच्या टिचक्या मारून तिने माठ पाहिले आणि सगळ्यात मोठा निवडला. दादा तो घ्यायला पुढे झाला. तिने त्याचा हात बाजूला केला. चुंबळ डोक्यावर ठेवली आणि कुंभाराला म्हणाली, हात लाव जरा.

"माय, उतार हाय, दगड हाय," दादा म्हणाला. "फुटला तं?"

"भाजी पडली तं वेचता येते," ती म्हणाली. "हे पडलं तं पडलं. मले तेच पाहाचं हाय."

उतरतानाचा ओढा मी कधी विसरणार नाही. दादाचे लक्ष माठाकडे नव्हतेच. तो तिच्या उजव्या जोड्याकडे बघत चालला होता आणि स्वतः दोनदा ठेचाळला. माय ठेचाळली नाही. मधल्या दगडांवर तर ती गुणगुणत होती. आमच्या चढणीवर तिचे आणि आमचे अंतर वाढले. आम्ही पोचलो तेव्हा माठ ओसरीवर वाळूत बसवलेला होता आणि बाबा विहिरीचे पाणी त्यात ओतत होते.

दादाने पेला भरला. माय म्हणाली, पहिले पाणी पिऊ नको, मातीची चव लागते, रात्रभर भिजू दे. त्याने एक पेला प्यायला, मग दुसरा, आणि तिसराही तिच्यासमोरच उभ्याने प्यायला.